दोन मुठींची करवत

आमचा अकोल्याचा वाडा पाडायचा ठरला, ही बातमी सर्वांत आधी कोणाला लागली असेल तर ती लाकडाच्या व्यापाऱ्याला. नातेवाईक नंतर जमले. वकील त्यांच्याही नंतर. जुन्या शहरातल्या अरुंद बोळात तो वाडा शंभराहून अधिक वर्षे उभा होता. चार भावांचे आता अकरा वाटेकरी झालेले, आणि राहणारे म्हणून फक्त आमचे दादा, वहिनी आणि माळ्यावरची पारवे. तेव्हा पाडण्याला कोणाचीच ना नव्हती. माझीही नव्हती, हे येथेच कबूल करून टाकतो. मी नोकरीच्या निमित्ताने अमरावतीला, वर्षाकाठी दोनदा अकोल्याला जाणारा. वाड्याविषयी हळहळण्याचा मला काय अधिकार?

व्यापारी आले ते हातात फीत आणि खिशात छोटी पटाशी घेऊन. भिंतींकडे त्यांनी पाहिलेही नाही. ओसरीच्या खांबाचा तेलरंग नखाएवढा खरवडला, बोट ओले करून त्या जागी फिरवले, नाकाशी नेले आणि दादांना म्हणाले, "सी. पी. साग हाय, भाऊ. विटामाती तुमची तुमाले ठेवा. लाकडाचं बोला."

'सी. पी.' म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आपला जुना मध्यप्रांत. हा प्रांत १९५० साली मध्यप्रदेश झाला आणि १९५६ साली विदर्भ त्यातून निघून मुंबई राज्यात आला. नकाशावरून ते नाव पुसून सत्तर वर्षे होऊन गेली, पण लाकडाच्या बाजारात ते अजून ताठ उभे आहे. सागाला एकदा लागलेला रंग आणि बाजाराला एकदा लागलेला शब्द, दोन्ही लवकर जात नाहीत.

पहिली तुळई उतरवली त्या दिवशी मी तेथे होतो. तिचे टोक शंभर वर्षे भिंतीच्या पोटात होते. त्यावर ना धूर बसला होता, ना रंग. कालच कापल्यासारखे पिवळसर, तुपकट दिसत होते. आणि त्या टोकावर रुपयाएवढा एक खोलगट ठसा होता. त्यात दोन अक्षरे असावीत, पण ती झिजली होती. मी वाकून पाहू लागलो तसे व्यापारी म्हणाले, "त्यो घनाचा ठसा हाय, सर. सरकारी घन. डोंगरातून उतरलेलं लाकूड. परतवाड्याहून आलं असन."

मला एकदम आजीची आठवण झाली. सासऱ्यांनी घर बांधताना एलिचपुराहून बंड्या आणल्याची गोष्ट ती सांगे. पूर्णेला पाणी होते म्हणून बंड्या तीन दिवस अलीकडे अडकल्या आणि बैलांना आमच्या घरची सरकी गेली, एवढीच ती गोष्ट. आम्हां मुलांना त्यात पूर तेवढा आवडे. बंड्यांत काय होते आणि ते कोणी तोडले होते, हे आजीला कोणी विचारले नाही. वीस वर्षे मी वर्गात 'घर' या विषयावरच्या कविता शिकवतो आहे. त्या घराचे आढे ज्याने तोडले तो माणूस एकाही कवितेत मला भेटलेला नाही, आणि भेटला नाही हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

दादांना मी म्हटले, "ही एक तुळई विकू नका. मला द्या."

वहिनी म्हणाल्या, "अमरावतीच्या दोन खोल्यांत ठेवणार कुठे? डोक्यावर?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिळायला पुढे पाच-सहा महिने लागले, आणि ते मिळवताना मी जे पाहिले-ऐकले तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

अमरावतीहून परतवाडा पन्नास-बावन्न किलोमीटर. एका बाजूला अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. त्याला लागूनच इंग्रजी छावणीभोवती वाढलेले परतवाडा. समोर गाविलगडाची डोंगररांग आणि तिच्यामागे मेळघाट. आपण अमरावती-अकोल्याची माणसे परतवाड्यावरून जातो ती चिखलदऱ्याला. घाट लागण्यापूर्वी चहा घ्यायचे गाव, एवढीच त्याची आपल्याशी ओळख. पण चहा पिऊन झाल्यावर जरा नाकाने पाहावे. कापलेल्या सागाचा कोरडा, किंचित कडवट वास येईल. आरा मशीनचा आवाजही येईल, पूर्वीइतका नव्हे, तरी येईल.

तेथल्या लाकूड आगारात मी रीतसर परवानगी काढून गेलो. आमच्याकडे त्याला 'डेपो' म्हणतात. ओंडके ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या तोंडावर रंगाने आकडे: अनुक्रमांक, लांबी, घेर. सारख्या जातीचे आणि सारख्या प्रतीचे ओंडके एकत्र करून त्यांच्या लाटा लावतात आणि लाटांचा लिलाव होतो. ज्या घनाच्या ठशाने मला येथवर आणले तो घनही पाहायला मिळाला. साधा हातोडा, फक्त तोंडावर उलटी अक्षरे कोरलेली. जंगलात जे झाड तोडायचे त्याच्या बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, हा ठसा मारतात. खाली का? तर झाड गेल्यावरही खुंटावर ठसा राहावा म्हणून. पुढे तपासणीला येणारा अधिकारी खुंट पाहून सांगू शकतो, हे सरकारने तोडले की चोराने. नंतर ओंडक्यावर पुन्हा ठसा, आणि सोबत वाहतुकीचा परवाना. आमच्या तुळईने ही दुसरी मोहोर भिंतीत शंभर वर्षे जपली होती.

मापाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोल ओंडका मोजण्याची जुनी रीत अशी: घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर चौथा हिस्सा १ फूट, वर्ग १, आणि माप १० घनफूट. शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने मात्र हेच लाकूड पावणेतेरा घनफुटांच्या जवळ भरते. मग मधले पावणेतीन कोठे गेले? ते करवतीच्या भुशात आणि कडेच्या सालपटांत जाणार, हे व्यापाराने आधीच धरून ठेवले आहे. आता मोजणी घनमीटरमध्ये होते, आणि एका घनमीटरला सुमारे ३५ घनफूट भरतात. पण जुने व्यापारी अजून मनात घनफूटच करतात आणि मग सावकाश मीटरवर येतात, जसे आपण रुपयांत बोलतो आणि मनात आणे मोजणारे आजोबा आपल्याला आठवतात.

मी मराठीचा मास्तर. तेव्हा लाकडापेक्षा शब्दांनीच माझे पाय तेथे अधिक अडकले. जंगलाचा जो तुकडा एका वर्षी तोडायचा त्याला 'कूप' म्हणतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाने जंगल-कामगारांविषयी निबंध लिहिताना 'सरकार दरवर्षी जंगलातील विहिरींचा लिलाव करीत असे' असे लिहिले होते. बिचाऱ्याला संस्कृत येत होते, हाच त्याचा दोष. हा कूप विहिरीचा नव्हे. 'तोडणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून निघून तो इंग्रज साहेबाच्या तोंडून मेळघाटात उतरला आहे. 'लिलाव' पोर्तुगीज. करवत ओढणारा तो 'आराकस', तो फार्सी. साग स्वतः संस्कृत 'शाक'. आणि इंग्रज ज्याला 'टीक' म्हणतो तो शब्द केरळातल्या 'तेक्कु'पासून, पोर्तुगीज खलाशांच्या मार्फत गेलेला. एक ओंडका डोंगरातून बाजारात यायला पाच-सहा भाषांच्या खांद्यांवरून येतो. आणि सागाखेरीज जंगलात जे जे काही उगवते, म्हणजे धावडा, तिवस, ऐन, हळदू, लेंडिया, त्या सर्वांना मिळून नाव काय, तर 'आडजात'! ज्या धावड्याचा दांडा कुऱ्हाडीला लागतो आणि ज्या तिवसाची बंडी साग वाहून नेते, ती आडजात. आपला समाज जंगलात गेला की जंगलालाही आपले रीतिरिवाज शिकवून येतो.

एका आरा मशीनच्या दाराशी ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसलेले असत. त्यांचे वडील खड्ड्यावरचे आराकस. यंत्र येण्यापूर्वी ओंडका खड्ड्यावर आडवा टाकत. एक माणूस वर उभा, एक खड्ड्यात. मधे उभी करवत. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो. "वरच्याले उस्ताद म्हनत," आजोबा म्हणाले, "आन् खालच्याले काही नाही म्हनत." भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत. तो डोक्याला फडके बांधून, मान खाली घालून दिवसभर ओढत राही. फळी कशी निघाली हे त्याला संध्याकाळी वर आल्यावर दिसायचे. त्यांच्या घरी ती करवत अजून होती. वरच्या मुठीला दोरी गुंडाळलेली, खालची मूठ गायब.

आता थोडा इतिहास. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १८६७ साली मुंबईची रेल्वे शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत नागपूरला पोचली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही रेल्वे कापसासाठी आली असे असते, आणि ते खरेच आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण रूळ अंतराळात राहत नाहीत. त्यांच्याखाली लाकडाचे स्लीपर लागतात, एका मैलाला पावणेदोन ते दोन हजार. ते ऊनपावसात कुजतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. एवढे लाकूड आले ते जंगलांतून. मध्य हिंदुस्थानातल्या जंगलांत ठेकेदारांनी त्या काळी कशी बेसुमार तोड केली आणि तोडलेले कितीतरी लाकूड वाहून न नेता तसेच कुजू दिले, हे कॅप्टन फोर्साइथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात खेदाने नोंदवले आहे.

जंगल संपेल या भीतीनेच जंगलाचे राखण सुरू झाले. १८६४ साली देशात जंगलखाते स्थापन झाले, १८६५ आणि १८७८ चे कायदे आले, आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असल्यामुळे त्यासाठी १८८६ साली वेगळा जंगल-कायदा झाला. राखीव जंगल ठरले, कूप आखले गेले, घनाचे ठसे सुरू झाले. सरकारचा हिशेब चोख होता. किती झाडे उभी, किती तोडायची, किती वर्षांनी पुन्हा त्याच कुपात यायचे, हे सर्व वह्यांत आहे. फक्त तोडणार कोण, याचे उत्तर वहीत एका शब्दात होते: मजूर.

हे मजूर म्हणजे मेळघाटातले कोरकू. जंगल राखीव झाले तसे त्यांचे हिंडते शेत बंद झाले. मग खात्याने जंगलातच वनग्रामे वसवली. कोरकूंना कसायला जमीन दिली, आणि बदल्यात बोलावू तेव्हा जंगलाच्या कामावर यायचे, असा बोलीचा सौदा ठरला. स्वातंत्र्यानंतर, १९४७ पासून, ठेकेदाराला बाजूला सारून मजुरांच्याच हाती कूप द्यावेत म्हणून जुन्या मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्थांची चळवळ सुरू झाली आणि पुढे ती सबंध महाराष्ट्रात पसरली. मग काळ फिरला. १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र-प्रकल्पांत मेळघाटची निवड झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा तो प्रसिद्ध आदेश आला. सबंध देशात केंद्राच्या मंजुरीवाचून जंगलात कोणतेही बिगर-जंगल काम करायचे नाही, आणि त्यात आरा मशीनही आल्या. परतवाड्याचे ते आजोबा तारीख सांगत नाहीत. "कोर्टाचा कागद आला तेव्हाची गोष्ट," एवढेच म्हणतात.

आणि ज्या रेल्वेने जंगल खाल्ले तिचेही दिवस फिरले. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेजची गाडी मेळघाटच्या पश्चिम अंगातून जात असे. धुळघाटाजवळ ती स्वतःभोवतीच वळसा घेऊन डोंगर चढे. लहानपणी मामाच्या गावाला जाताना मी खिडकीतून मान काढून आपल्याच गाडीचा मार्ग खाली शोधला आहे. तिचे रुंदीकरण करताना मार्ग जंगलातूनच न्यावा की वाघासाठी बाहेरून वळवावा, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणाला सुचलाही नसता.

मेळघाटात मी गेलो तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर. तो कोरकू, आता तिकडेच शिक्षक आहे. सेमाडोहला वनखात्याचे निसर्ग-माहितीचे केंद्र आहे, चिखलदऱ्यालाही त्यांचे संग्रहालय आहे. लोक तेथे वाघ, अस्वल, गवा यांची माहिती घ्यायला जातात आणि जावेच. माझे काम मात्र जनावरांकडे नव्हते. सेमाडोहला सिपना नदी वाहते. खापरा, खंडू, गडगा, डोलार आणि सिपना या मेळघाटच्या पाच नद्या, पाचही तापीला मिळणाऱ्या. सिपना हे नाव मला नेहमी कवितेतले वाटे. स्वप्नाशी काही नाते असेल असे मी वर्गात एकदा सांगितलेही होते. विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, तेव्हा बोललो नाही. आमच्यात सागाला सिपना म्हणतात."

मी ज्या शब्दाला इतकी वर्षे स्वप्न समजत होतो तो साग निघाला. कोरकू ही आपल्या मराठीची बहीणही नव्हे. तिचे नातेवाईक दूर पूर्वेकडे, मुंडारी आणि संथाळी बोलणाऱ्यांत. नकाशे करणाऱ्यांनी नदीचे नाव तेवढे घेतले, अर्थ तेथेच ठेवून आले.

त्याच्या गावी त्याचे आजोबा भेटले. तो त्यांना 'आजा' म्हणतो, मीही तेच म्हणू लागलो. आज्याचे वय कोणाला ठाऊक नाही. नातवाशी कोरकूत, माझ्याशी वऱ्हाडीत आणि मधेच हिंदीत बोलणे. दिवाळी झाली की कूप निघे. पावसाने खचलेल्या वाटा आधी बुजवायच्या, मग अर्धे गाव कुपावर मुक्कामाला. पाल्याच्या झोपड्या. पुरुष तोडणार, बाया फांद्या छाटून जळाऊ लाकडाच्या थप्प्या रचणार. पूर्वी सारे कुऱ्हाडीवर होते. कुऱ्हाडीने चांगले लाकूड ढलप्यांत वाया जाते म्हणून मग करवत आली, दोन मुठींची, दोघांनी ओढायची. आधी कुऱ्हाडीने ज्या बाजूला झाड पाडायचे तिकडे खाच घ्यायची, मग उलट्या बाजूने करवत. करवतीत ढकलायचे नसते, फक्त ओढायचे असते. ढकलले की पाते वाकते. एकाने ओढावे, दुसऱ्याने नुसते सोडावे. "सोडता आलं पायजे," आजा म्हणाला. "ओढता तर सगळ्याइलेच येते."

आज्याचा जोडीदार त्याच्याच गावचा. नऊ हंगाम दोघांनी एकच करवत ओढली. दहाव्या हंगामात एक साग पडताना फिरला आणि शेजारच्या धावड्याची फांदी मोडून जोडीदाराच्या अंगावर आली. दवाखाना दूर होता. आठवड्याच्या शेवटी पगार वाटायला कारकून आला तेव्हा त्याने हजेरीपटात त्याच्या नावावर रेघ मारली. आज्याला वाचता येत नव्हते, पण रेघ दिसत होती. "त्याचं नाव तेवढ्याच एका जागी लिवलेलं होतं," तो म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही. तो बिडी शोधत होता.

गावाबाहेर एका झाडाखाली मृतांच्या आठवणीसाठी उभे केलेले 'मुंडा' होते. सागाच्या फळीवर कोरलेला घोडेस्वार, वर सूर्य आणि चंद्र. कोरकूंची ही जुनी चाल. काही फळ्या इतक्या झिजल्या आहेत की स्वार गेला आहे आणि घोडा राहिला आहे. ज्या सागाचे आम्ही आढे केले आणि इंग्रजांनी स्लीपर केले, त्याच सागावर या लोकांनी आपली माणसे लिहून ठेवली. मी बराच वेळ तेथे उभा होतो. जोडीदाराचा मुंडा कोणता, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

परतताना मनात एक विचार घोळत होता. नॉर्वेत एल्वेरूम गावी, ज्या नदीतून ओंडके सोडत तिच्या काठी, १९५४ सालापासून जंगलाचे आणि जंगलतोडीचे संग्रहालय आहे. फिनलंडमध्ये पुंकाहार्यूला १९९४ साली असेच एक उघडले. आणि आपल्याच देशात, केरळातल्या निलंबूरला, १९९५ पासून केवळ सागाचे संग्रहालय आहे. तेथला कलेक्टर कॉनोली आणि त्याच्या हाताखालचे चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात लावलेल्या सागाचा एक भाग अजून उभा आहे. निलंबूरला लावणाऱ्यांची नावे तरी राहिली. आपल्या वऱ्हाडात लाकूड तोडणाऱ्यांचे असे काहीच नाही. घरोघरच्या तुळया आहेत, आणि त्याही आता एकेक करून उतरताहेत.

आमच्या मराठी विभागात एक लोखंडी कपाट होते. त्यात वीस वर्षांच्या उत्तरपत्रिका आणि एक मेलेली पाल निघाली. ते रिकामे करून मी मुलांना सांगितले, घरी-गावी लाकूडतोडीचे जे काही पडले असेल ते आणा. परतवाड्याच्या आजोबांनी खड्ड्यावरची करवत दिली, एका मुठीची. एका मुलीने पणजोबांच्या काळची लिलावाची पावती आणली. बंडीचा तिवसाचा आस आला, ओंडके ओढायची साखळी आली. मी स्वतः शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिल्या: कूप, लाट, फाटा, थप्पी, आडजात, आराकस. शेजारच्या विभागातले एक सहकारी डोकावून म्हणाले, "मराठी विभाग आहे की सुतारखाना?" मी म्हटले, "ज्ञानेश्वरीसुद्धा शेवटी व्यासपीठावरच ठेवतात ना? ते कशाचे असते?" उत्तर काही फार चांगले नव्हते, पण ते गेले.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र इतक्या सहज परतवता आला नाही. ती म्हणाली, "सर, झाडे तोडण्याचे प्रदर्शन कशाला? आता तर झाडे लावायचे दिवस आहेत." ती चुकत नव्हती. परतवाड्याच्या बाजूच्या पायविहीर गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या उजाड झालेल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, ते राखले, झाडे लावली आणि आता तेथली सीताफळे विकून गाव पैसा उभा करते. मी तिला तेथेच पाठवले. ती दोन दिवस राहून आली आणि येताना एक बोथट कुऱ्हाड घेऊन आली. पात्याला गंज चढला होता. "त्यांनीच दिली," ती म्हणाली, "म्हणाले, ही पण ठेवा." दुसऱ्या दिवशी तिनेच तिच्यासाठी चिठ्ठी लिहिली.

आज्याकडे मी कुऱ्हाड मागितली होती. त्याने दिली नाही. ती अजून रोज लागते, कपाटात ठेवून काय करणार, असे त्याचे म्हणणे. करवत मात्र छपरात खोचून ठेवली होती. जोडीदार गेल्यावर त्याने ती दुसऱ्या कोणाबरोबर ओढली नाही, संस्थेची दुसरी वापरली. ती त्याने खाली काढली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि नातवाशी कोरकूत बराच वेळ बोलला. नातवाने मला सांगितले, "आजा म्हणतो, नेऊ दे. पण नाव दोघांचं लिहायचं. एकाचं लिहायचं असेल तर इथेच राहू दे."

ती दोन नावे मी येथे छापत नाही. ती त्यांच्या घरची आहेत. कपाटावर मात्र ती लागणार आहेत.

आमची तुळई नऊ फुटांची आणि कपाट साडेसहा फुटांचे. तेव्हा ती विभागाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून पडली आहे, ठसा दर्शनी बाजूला. शिपाई दुपारी तिच्यावर बसून डबा खातात आणि मुलेही बसतात. परीक्षेच्या दिवसांत तिच्यावर जागा मिळत नाही. बाकीच्या तुळया अकोल्याहून एका ट्रकने गेल्या. कोठे गेल्या ते दादांनी विचारले नाही, आणि आपण विचारले नाही याची त्यांना आता चुटपुट लागली आहे. वहिनी म्हणतात, तुमच्या डोक्यावरची गेली ती मुलांच्या बुडाखाली आली, वाईट काय झाले?

करवत मधल्या फळीवर आडवी ठेवली आहे. दोन्ही मुठी धावड्याच्या, एक जरा जास्त झिजलेली. नावांच्या चिठ्ठ्याही मी सुबक अक्षरांत लिहून घेतल्या. त्या डकवायला गेलो तेव्हा ध्यानात आले की कोणती मूठ कोणाची हे मी विचारलेच नाही. नातवाला निरोप धाडला. तो म्हणाला, त्यालाही ठाऊक नाही, आज्यालाच विचारायला हवे, आणि आजा असे निरोपावर सांगणार नाही. दिवाळी झाली की तो आज्याला घेऊन अमरावतीला येणार आहे. तोवर दोन्ही चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत.